ट्रॅक्टरनं झाडं काढताना जीव कसा सांभाळायचा : इंदूरकडच्या शेतवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

गहू, लसूण, बटाटा निघाला की आपल्याकडे एप्रिल-मेमधे सगळ्यांना एकदम बांध साफ करायचे आठवतात. देपालपूर घ्या, सांवेर घ्या, महूकडे जा, जिथे तिथे बांधावरच्या बाभळी, सुबाभूळ, वाळलेली निलगिरी पाडणं चालू असतं, कारण जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि त्याच्या आत शेत सोयाबीनला तयार पाहिजे. त्यात इंदूरच्या मराठी घरांचं बरेचदा असं असतं की शेत गावाला, आपण शहरात, रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाऊन गाडी काढायची आणि दुपारपर्यंत काम उरकून परत यायचं. ट्रॅक्टरवर बसलेला असतो हाली भाऊ (शेतावरचा गडी) नाहीतर बटाईदार, आणि घाई असते आपल्याला. मला जे प्रश्न नातेवाईक, शेजारचे शेतवाले आणि ओळखीचे लोक परत परत विचारतात ते इथे एकत्र केलेत.

आमचा ५० एचपीचा ट्रॅक्टर आहे, बाभळीचा बुंधा ओढून निघेल ना?

निघेल की नाही हा पुढचा प्रश्न, आधी हे बघा की नाही निघाला तर काय होतं. बाभळीचं सोटमूळ काळ्या मातीत खोल गेलेलं असतं, आणि उन्हाळ्यात काळी माती वरून भेगाळलेली दिसली तरी खाली विटेसारखी घट्ट असते. तुमचा ट्रॅक्टर असेल दोन टनाच्या आसपास. तुम्ही गिअर टाकला, साखळी ताणली, बुंधा हलला नाही. आता इंजिनची ताकद कुठे जाणार? एक्सल चाकाला फिरवायला बघतो, चाक अडलेलं आहे, मग तोच जोर उलटा ट्रॅक्टरच्या धडावर येतो आणि ट्रॅक्टर स्वतःच्या मागच्या एक्सलभोवती फिरायला लागतो, म्हणजे पुढचं तोंड वर उचललं जातं. चाक घसरलं तर वाचलात. पण कोरड्या कडक जमिनीवर चांगल्या टायरची पकड पक्की असते, चाक घसरत नाही, आणि तोंड वर जातच राहतं.

म्हणून माझं सरळ उत्तर, बुंधे ओढायला ट्रॅक्टर वापरू नका. तासाच्या हिशोबानं जेसीबी मिळते, चार शेतवाले मिळून एक दिवस बोलवा, बुंध्याच्या बाजूनं खणून मुळं तोडून ती काढून देते. ट्रॅक्टर पाडलेलं, फांद्या छाटलेलं लाकूड ओढायला ठीक आहे, आणि त्यालाही नियम आहेत ते पुढे लिहिलेत.

साखळी नक्की कुठे लावायची?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

साखळी फक्त खाली, ड्रॉबारला (ट्रॅक्टरमागची ओढायची खालची दांडी), एक्सलच्या म्हणजे मागच्या चाकांच्या आसाच्या मध्यापेक्षा खालच्या उंचीवर. टॉप लिंकच्या (मागे अवजार जोडायची वरची दांडी) कानाला नाही, एक्सलला गुंडाळून नाही, सीटच्या खालच्या कुठल्या ब्रॅकेटला तर अजिबातच नाही. ट्रॉलीचा हुक वर-खाली करता येणारा असेल तर सगळ्यात खालच्या भोकात घ्या.

कारण असं की साखळी खाली असली आणि तोंड जरा उचललं गेलं, तर मागचा हुक अजून खाली जातो, ओढीचा कोन बदलतो आणि तोंड वर फेकणारा जोर कमी होतो. साखळी वर टॉप लिंकला असली तर ती ओढ ट्रॅक्टरला मागे कलंडवायलाच मदत करते, जितकं तोंड वर तितकी ओढ वाईट. म्हणजे एका जागी ट्रॅक्टर स्वतःला आवरतो आणि एका जागी स्वतःला पाडतो. फरक दीड-दोन फुटांचा असतो फक्त.

अजून एक गोष्ट जी आपल्याकडे सगळेच करतात. लिफ्टच्या दोन हातांमधे ती भोकं पाडलेली आडवी पट्टी असते ना, तिला साखळी लावतात, आणि मग बुंधा वर यावा म्हणून हायड्रोलिकनं पट्टी उचलतात. उचलली की हुक एक्सलच्या वर गेला. तेच झालं जे टॉप लिंकला लावल्यावर होतं. पट्टीच वापरायची असेल तर ती खालीच राहिली पाहिजे, आणि ती आपोआप वर येऊ नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूचे आडके लावलेले पाहिजेत. आडके नसतील तर पट्टी नको.

हे मी पुस्तकातून नाही सांगत आहे. तीन वर्षांपूर्वी मेच्या शेवटी आमच्या देपालपूरकडच्या शेतात एक बाभळीचा बुंधा राहिला होता, पसरट, गुडघ्याएवढा उंच. खालच्या हुकात ट्रॉलीची पिन गंजून अडकली होती, निघेना, म्हणून साखळी वर टॉप लिंकच्या जागी लावली. हाली भाऊनं दोनदा ओढलं, बुंधा हलला नाही. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, अजून एकदा मार. मी म्हणालो. पुढची दोन्ही चाकं एकदम जमिनीवरून सुटली, वीतभर, मग हातभर, चाकाला चिकटलेली माती खाली गळताना दिसत होती आणि पुढचं चाक हवेत हळूहळू फिरत होतं. भाऊचा पाय क्लचवर होता म्हणून ट्रॅक्टर धपकन खाली आला, बोनेटवरची सगळी धूळ उडाली. त्याची बायको भाकऱ्या घेऊन बांधावर आली होती, ती डोक्यावरची टोपली तशीच धरून उभी राहिली. कोणी काही बोललं नाही. पिन काढायला नंतर हातोडी आणि रॉकेल घेऊन दहा मिनिटं लागली.

तोंड उचललं तर क्लच दाबला की झालं ना, तुमच्या भाऊनं दाबलाच की?

दाबला कारण पाय आधीच क्लचवर होता आणि नशीब होतं. मागे उलटताना साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा जागी पोचतो की त्यानंतर क्लच दाबून काही होत नाही, आणि दीड सेकंदाच्या आत पूर्ण पालथा. तेवढ्यात माणसाला "अरे उचललं" हेच कळायचं असतं. क्लचच्या भरवशावर कुणाला बसवू नका.

खरं वाचवतं ते मागे बसवलेलं मजबूत रोल बार, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची लोखंडी चौकट, आणि त्याच्याबरोबर सीट बेल्ट. दोन्ही एकत्र. रोल बार असलेल्या ट्रॅक्टरवर बेल्ट लावायचाच, म्हणजे उलटला तरी माणूस त्या चौकटीच्या आत राहतो. रोल बार नसेल तर बेल्ट लावायचा नाही, कारण मग तुम्ही ट्रॅक्टरलाच बांधले जाता. स्वीडननं १९५९ साली नवीन ट्रॅक्टरवर ही चौकट सक्तीची केली आणि तिथले उलटून होणारे मृत्यू नंतरच्या वर्षांत जवळजवळ संपले.

आणि कृपा करून छत्रीला रोल बार समजू नका. आपल्याकडे बाजारात पत्र्याची किंवा ताडपत्रीची छत्री बसवून देतात, चार पाईप असतात, दिसायला चौकटीसारखीच दिसते. ती उन्हासाठी आहे. दोन टन वजन तिच्यावर आलं की पाईप दुमडतात आणि खालचा माणूस त्यातच अडकतो. एका ओळखीच्या काकांनी मला अभिमानानं सांगितलं होतं की आमच्याला सेफ्टी लावलीय, बघायला गेलो तर छत्री.

पुढे वजनं लावली आणि टायरात पाणी भरलं तर उलटणार नाही ना?

पुढची वजनं मदत करतात, लावा. पण चुकीच्या जागी लावलेल्या साखळीवर तो इलाज नाही, आणि मागच्या टायरात पाणी भरलं की पकड वाढते म्हणजे चाक घसरून सुटका व्हायची शक्यता उलट कमी होते.

लोखंडी साखळी, तारेचा दोर की नायलॉनचा रस्सा?

नायलॉन नको. तो ताणला जातो, रबरासारखी ताकद साठवतो, आणि हुक निघाला किंवा रस्सा तुटला की तो हुक गोळीसारखा मागे येतो, सरळ ड्रायव्हरच्या पाठीकडे. तारेचा दोर कमी ताणतो पण तुटला की चाबकासारखा आडवा फिरतो. साखळी त्यातल्या त्यात बरी, पण साखळी म्हणजे म्हशीची नव्हे आणि विहिरीच्या मोटरची नव्हे, वजन ओढायला बनवलेली ८० ग्रेडची, कड्यांवर त्याचा शिक्का असतो.

वापरायच्या आधी साखळी जमिनीवर लांब पसरा आणि एक एक कडी हातात घेऊन बघा. लांबट झालेली कडी, आतून झिजलेली कडी, वेल्डिंग केलेली कडी, नट-बोल्ट टाकून जोडलेला तुकडा, यातलं काही दिसलं तर ती साखळी या कामातून बाद. बोल्टवाली तर प्रत्येक गावात दोन-चार सापडतीलच. तारेच्या दोराच्या बाहेर आलेल्या तारा हाताला टोचत असतील तर तोही बाद.

ओढताना मधोमध एक ओलं पोतं, माती भरून, साखळीवर किंवा दोरावर टाका. तुटलाच तर ते वजन त्याला खाली दाबतं. आणि दोर जितका लांब त्याच्या दीडपट अंतराच्या आत कोणीही उभं राहायचं नाही, बाजूलाही नाही. साखळी ओलांडून जाणं, ताणलेली असताना पायानं सरळ करणं, हे पोरं फार करतात, तिथेच ओरडा.

झटका मारायचा नाही. आधी हळूच पुढे घेऊन ढील काढा, मग सगळ्यात खालच्या गिअरमधे क्लच सावकाश सोडा. नाही हलत तर थांबा.

उभं झाडच साखळी बांधून ओढून पाडलं तर? किंवा पुढच्या लोडरनं ढकललं तर?

दोन्ही नको. ओढताना झाड ज्या बाजूला ओढता त्याच बाजूला येणार, आणि तिथे तुम्ही आहात. वर बांधलं तर झाड ट्रॅक्टरवर येतं, खाली बांधलं तर झाड पडत नाही.

ढकलताना लोकांना वाटतं मशीन पुढे आहे, आपण मागे, सुरक्षित. पण धक्का बसला की वरची वाळलेली फांदी सुटून ड्रायव्हरच्या डोक्यावर येते, छत्री असली तरी काय उपयोग. दुसरं म्हणजे झाड जसं पुढे झुकतं तसा मुळांचा गठ्ठा मातीसकट ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाखालून वर येतो आणि ट्रॅक्टरलाच उचलतो. बारीक सुबाभूळ तर वाकते आणि परत येते.

कापणारा माणूस कापेल, ट्रॅक्टर लांब उभा राहील, झाड पडल्यावरच जवळ येईल, हा क्रम.

मग कापायचं कसं? आमच्याकडे चेनसॉ आहे, भाऊला येतो चालवता.

चालवता येणं वेगळं आणि झाड पाडता येणं वेगळं. मोठं झाड, वाकडं झाड, घराजवळचं झाड असेल तर रोज हेच काम करणारा माणूस बोलवा. बाकी थोडक्यात असं.

पहिले वर बघा. वाळलेल्या, अर्धवट तुटून लटकलेल्या फांद्या आहेत का, शेजारच्या झाडाच्या फांद्यांत गुंतलेल्या आहेत का, वेली आहेत का. मग जिकडे पाडायचं त्या बाजूनं खाच घ्या, खोडाच्या जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. मग मागून काप, खाचेच्या तळापेक्षा एक-दोन बोटं वर. आणि पूर्ण आरपार कापायचं नाही, मधे जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी सोडायची. ती पट्टी बिजागरीचं काम करते, झाड तिच्यावर वळून ठरल्या बाजूला जातं. एक फूट जाडीच्या खोडाला साधारण बोट-दीड बोट. ती पट्टी कापली की झाड कुठेही जाऊ शकतं.

पळायची वाट आधी साफ करून ठेवायची, झाड पडणार त्याच्या उलट्या बाजूला पण तिरकी, सरळ मागे नाही. खोड कधी कधी पडताना मागे सरकतं. पडायला लागलं की चेनसॉ बंद, आणि चला.

झुकलेल्या निलगिरीचं वेगळं भय. तिच्या खोडात आतून ताण असतो, मागून कापता कापता खोड मधोमध उभं चिरतं आणि मागचा भाग लाथ मारल्यासारखा वर उसळतो, छातीला किंवा तोंडाला लागतो. झुकलेली निलगिरी नवशिक्याला देऊच नका.

लोकांनी किती लांब उभं राहायचं? झाडाची उंची कशी कळणार?

झाडाच्या उंचीच्या दुप्पट. उंची मोजायला टेप लागत नाही. एक सरळ काठी घ्या, डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढीच काठी मुठीच्या वर राहील अशी धरा, हात सरळ पुढे, काठी उभी. आता मागे मागे जा. ज्या जागी मूठ बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेल, तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. तिथे चुन्याची रेघ मारा. परत तेवढंच मागे जाऊन दुसरी रेघ. दुसऱ्या रेघेच्या आत फक्त कापणारा. पोरं, बायका, गुरं, चहा घेऊन आलेला, मोबाईलवर शूटिंग करणारा, सगळे बाहेर. आणि मालकसुद्धा बाहेर.

झाड पडता पडता शेजारच्या झाडात अडकलं, आता?

आता त्याच्याखाली कोणी जायचं नाही, हे पहिलं. दुसरं झाड कापून दोन्ही पाडू हा विचार सोडा, वर चढून फांदी तोडू हाही सोडा. लांब साखळीनं बुंध्याचं टोक मागे ओढून काढता येतं, ट्रॅक्टर झाडाच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर उभा असेल आणि साखळी खालच्या हुकालाच असेल तर. तेवढी लांब साखळी नसेल तर जागेला दोरी लावून दुसऱ्या दिवशी जेसीबी बोलवा. रात्रभर कोणी सरपण न्यायला त्याखाली जाणार नाही हे शेजारच्या वस्तीत जाऊन सांगा.

वरून विजेची तार जाते, बाजूनं पाडलं तर चालेल?

तारेवर पडण्याची थोडी जरी शक्यता असेल तर आधी वीज कंपनीला कळवून लाईन बंद करून घ्या, १९१२ वर फोन लागतो किंवा गावच्या लाईनमनला सांगा. शेतातून जाणारी ११ हजार व्होल्टची लाईन असते बरेचदा, ओलं लाकूड करंट नेतं, हात लावायचीही गरज नसते. टायर रबराचे आहेत म्हणून ट्रॅक्टरवर काही होत नाही हा समज चुकीचा आहे.

तार ट्रॅक्टरवर पडलीच तर सीटवरच बसून राहा, कशाला हात लावू नका, ओरडून बाकीच्यांना लांब ठेवा, लाईन बंद होईपर्यंत उतरू नका. आग लागली आणि उतरणं भागच असेल तर दोन्ही पाय जोडून उडी मारा, ट्रॅक्टर आणि जमीन दोन्हीला एकाच वेळी स्पर्श होता कामा नये, आणि मग पाय न उचलता घासत घासत, छोटी छोटी पावलं टाकत निदान दहा मीटर लांब जा. मोठं पाऊल टाकलं तर दोन पायांमधल्या जमिनीतूनच करंट अंगात येतो.

मोहोळ आहे झाडावर, धूर करू का?

आग्या मोहोळ असेल तर ते झाड आज नाही. ट्रॅक्टर आणि चेनसॉचा आवाज, धक्का, यानं ती उठतात आणि शेकडोंनी मागे लागतात. मोहोळ काढणाऱ्या जाणत्या माणसाला संध्याकाळनंतर येऊ द्या. चावायला लागली तर तोंड झाका, इंजिन बंद करा आणि सरळ पळत बंद खोलीत किंवा गाडीत जा, विहिरीत उडी वगैरे नको. जुन्या बुंध्यांच्या पोकळीत आणि फांद्यांच्या ढिगात घोणस, नाग बसलेले असतात, आधी काठी आपटा, हात नंतर घाला, पायात चप्पल नको, बूट घाला.

मडगार्डवर एक माणूस बसतो साखळी सोडायला, त्यानं काय होतं?

बसायचं नाही. ट्रॅक्टरला एक सीट असते. मडगार्डवरचा माणूस एका खड्ड्यात मागच्या मोठ्या चाकाखाली जातो. साखळी सोडायला चालत जाऊ दे त्याला.

पीटीओवर लाकूड कापायचं यंत्र लावतो, लुगडं आणि गमछा यांचं एवढं काय?

पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्र चालवणारा फिरता शाफ्ट. तो ५४० आरपीएमवर म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. साध्या तीन इंची शाफ्टवर कापडाचं टोक अडकलं तर सेकंदाला दोन मीटर कापड गुंडाळलं जातं. गमछा दोन मीटरचाच असतो. "सोडवू" म्हणायला वेळ नाही. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर आहे का बघा, बहुतेकांनी काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं, ते परत बसवा. लुगड्याचा पदर, ओढणी, गळ्यातला गमछा, सैल पायजमा, मोकळे केस यांतलं काही घेऊन कोणी यंत्राजवळ येणार नाही. लाकूड अडकलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, शाफ्ट पूर्ण थांबलेला डोळ्यांनी बघायचा, मग हात.

पाडलेला ओंडका ट्रॉलीपर्यंत ओढत नेताना काय बघायचं?

ओंडक्याचं पुढचं टोक जमिनीत रुतलं की तो अडकलेल्या बुंध्यासारखाच होतो, म्हणून साखळी आखूड ठेवून टोक जरा उचललेलं राहील असं बांधा, पण हुक खालचाच. खालचा गिअर. वळताना ओंडका बाहेर फेकला जातो, त्या बाजूला कोणी नको. उतारावर ओंडका मागून घसरत ट्रॅक्टरवर येतो, आपल्याकडे सपाटी आहे म्हणून लोक विसरतात, पण सिमरोल, जानापावकडे शेतं असलेल्यांनी हे ध्यानात ठेवा.

नाल्याच्या काठाला तर फार जपा. काळी माती वरून कडक दिसते पण भेगांनी आतून सुटलेली असते, चाक गेलं की काठ सरकतो. नाला जितका खोल तितकं अंतर काठापासून सोडा. दहा फूट खोल तर दहा फूट लांब. त्या पट्ट्यातली झाडं ट्रॅक्टरनं काढूच नका, काठ धरून ठेवतात ती, राहू द्या.

परवानगी लागते का?

आधी विचारा, मग कुऱ्हाड लावा. शेतातल्या झाडांबाबत मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ मधे कलम २४० आहे, तहसील किंवा पटवारी सांगतील तुमच्या झाडाला काय लागू आहे. सागवानासारखं लाकूड नेताना वन विभागाचा ट्रान्झिट पास लागतो. जमीन शहराच्या हद्दीत आली असेल, आणि आता बायपासच्या बाजूच्या कितीतरी आल्यात, तर नागरी क्षेत्राचा २००१ चा वृक्ष कायदा आहे, नगर निगमची परवानगी घ्या. सुरक्षेशी याचा संबंध असा की चोरून कापणारे पहाटे अंधारात आणि घाईघाईनं कापतात.

अपघात झालाच तर पहिल्या पाच मिनिटांत काय?

इंजिन बंद. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरला किल्लीनं बंद होत नाही, स्टॉपची दांडी ओढावी लागते, ती कुठे आहे हे तिथे असलेल्या प्रत्येकाला, अगदी चहावाल्या पोरालाही, सकाळीच दाखवून ठेवा. मग १०८. एकानं फोनवर राहायचं, एकानं पक्क्या रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, कारण ॲम्ब्युलन्स गावापर्यंत येते आणि शेत शोधत फिरत राहते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून जोरात दाबून धरा, उचलून उचलून बघू नका. अंगात काही घुसलं असेल तर ओढून काढू नका. माणूस ट्रॅक्टरखाली असेल तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं घाईत ओढू नका, घसरला तर परत त्याच्यावरच येतो, आधी दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावून टेकू द्या आणि जेसीबी बोलवा. पीटीओत अडकलेल्याला सोडवायला शाफ्ट उलटा फिरवू नका, कपडे कापा. डिझेल सांडलेलं असेल, बिडी-काडी लांब.

ड्रायव्हर वीस वर्षं हेच करतोय, त्याला मी काय सांगणार?

त्याला ट्रॅक्टर शिकवायचा नाहीये. तुम्ही तीन गोष्टी करू शकता आणि त्या फक्त मालकच करू शकतो. एक, सामान चांगलं आणून द्या, साखळी, हेल्मेट, बूट, गंजलेली पिन बदलून द्या, ते त्याच्या पगारातून होणार नाही. दोन, काम एकट्याला देऊ नका. दुसरा माणूस लांब उभा, मोबाईल चार्ज केलेला, त्याचं काम फक्त बघणं. तीन, मजुरी दिवसाची ठरवा, झाडामागे नाही. झाडामागे ठरवली की तो मेच्या उन्हात दुपारी दोन वाजताही थांबत नाही, ४० च्या वर पारा गेलेला, डोकं गरगरतंय आणि हातात चेनसॉ. सकाळी सहा ते दहा काम, बाकी सावली आणि पाणी.

आणि तो जर म्हणाला की हे आज होणार नाही, तर तिथेच थांबा. त्यानं तुमच्याकडे बघितलं तर त्याला नाही म्हणायला सोपं जाईल असं तुमचं तोंड पाहिजे.

बुंधा शेतातच राहिला तर नांगराला, टायरला लागेल की?

लागेल, म्हणून तो दिसला पाहिजे. जमिनीच्या जवळून तिरका टोकदार कापू नका, सपाट कापा, टोकावर माणूसही पडतो आणि टायरही फाटतो. सोयाबीन उंच झालं की बुंधा झाकला जातो, मग कापणीला हार्वेस्टरवाला येतो त्याला माहीत नसतं, त्यामुळे बाजूला एक उंच बांबू रोवून वर लाल कापड बांधा, आणि बुंध्याला दर वर्षी पेरणीच्या आधी चुना फासा. आमचा तो बाभळीचा बुंधा अजून तिथेच आहे. तीन पावसाळ्यांत वाळवीनं अर्धा खाल्लाय, लाथ मारली की साल गळते, या वर्षी चुना भाऊच्या मुलीनं फासला.